एकच हॉल आणि वर्षभराचा सीझन: बडोद्याच्या हिशोबाने सांगतो

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही बडोद्याजवळच्या एका युनिव्हर्सिटीत शिकवता, तिथल्या गॅलरीचा चार्ज यंदा तुमच्याकडे आलाय, हॉल एकच, आणि वरून फर्मान असं की जुलै ते एप्रिल दर पंधरा दिवसांनी नवीन प्रदर्शन लागलं पाहिजे, शिवाय टॉक, वर्कशॉप, पाहुणे वगैरे. हे बसेल का, आणि बसवायचं तर कसं.

नाही बसणार. म्हणजे कागदावर बसेल, वीस प्रदर्शनांची यादी ऍन्युअल रिपोर्टात झक्कास दिसेल, पण प्रत्यक्षात होतं काय की गुरुवारी जुनं उतरतं आणि शुक्रवारी संध्याकाळी नव्याचं ओपनिंग, भिंतीवर मागच्या खिळ्यांची भोकं तशीच, पुट्टी ओली, आणि बिचारा कलाकार पाहुणे यायच्या आधी स्वतःच शिडीवर चढून लाइट फिरवतोय. मी या शहरात दुसऱ्यांची प्रदर्शनं लावायचं काम बरीच वर्षं करतोय आणि माझं मत पक्कं झालंय की एका हॉलला वर्षाला पाच, फार तर सहा. त्यातलं प्रत्येक तीन आठवडे उघडं आणि मध्ये आठ-नऊ दिवस हॉल बंद. कॅलेंडर करायला बसाल तेव्हा आधी प्रदर्शनं लिहू नका, आधी बंद दिवस लिहा, सीझन चांगला की वाईट ते तिथंच ठरतं.

बंद दिवसात काय होतं ते वरच्यांना माहीत नसतं म्हणून त्यांना ते दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. पहिला दिवस उतरवणं, प्रत्येक कामाचे पुढून-मागून फोटो, येताना होतं तसंच आहे का हे बघून सही. मग पॅकिंग, चित्राच्या पृष्ठभागाला आधी ग्लासीन पेपर (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ कागद) आणि त्याच्यावर बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर उकाड्यात फुग्यांचे गोल गोल ठसे रंगावर उठतात, आणि ऑइल अजून कच्चं असेल तर बबल रॅप जवळपण आणू नका. मग टेम्पो. मग गिट्ट्या (स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेले प्लग) काढणं, पुट्टी, सुकली की पॉलिश पेपर, मग रंगाचा हात, आणि रंगानंतर किमान दोन दिवस दारं उघडी ठेवून हॉल रिकामा, कारण ओल्या भिंतीला काचेची फ्रेम लावली की भिंतीचा दमटपणा सगळा मागच्या बोर्डात जातो. त्यानंतर नवीन कामं खोक्यातून काढून भिंतीला टेकवून एक दिवस नुसती बघायची, जागा बदलायच्या, शेजारी कोण बसतंय ते ठरवायचं. हा एक दिवस सगळे खातात आणि तो खाल्लाय हे प्रदर्शनात शिरल्या शिरल्या दिसतं. मग हँगिंग, लाइट, कॅप्शन. आठ दिवस म्हणतोय ते कमीच आहेत खरं तर.

आता बडोद्याचं कॅलेंडर. जुलै-ऑगस्टला आपल्याकडे हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जातो, आणि कागदाला साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न मानवतं, सत्तरच्या वर बुरशी धरायला लागते. त्यात कॉलेजमधला एसी सकाळी चालू आणि संध्याकाळी शिपाई घरी जाताना बंद, म्हणजे कागद दिवसा आखडतो, रात्री फुगतो, आणि महिन्याभरात माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यात) लाटा. एसी रात्री चालू ठेवायची परवानगी नसेल तर तो दिवसाही जेमतेम चालवलेला बरा, वर-खाली होणं हे नुसत्या दमटपणापेक्षा वाईट. म्हणून पावसाळ्यात ड्रॉइंग, वॉटरकलर, जुने फोटो, कापड काही लावू नका, कुणी कितीही मागे लागलं तरी. टेराकोटा, सिरॅमिक, दगड, ब्राँझ लावा, लोखंड मात्र नको, गंजतं. नाहीतर व्हिडिओ लावा, खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या तर तीन हजार ल्युमेनचा साधा प्रोजेक्टर पुरतो. आणि स्टोअर तळमजल्यावर असेल तर सगळ्यात खालचा रॅक रिकामा ठेवा, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली होती, त्या आठवड्यात कोणाच्या घरात किती पाणी होतं हे बडोदेकरांना सांगायला नको. नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ड्रेनेजचं पाणी उलटं येतं.

गणपतीत प्रदर्शन उघडं असायला हरकत नाही, फक्त विसर्जनाच्या दिवशी टेम्पो बोलवायचा नाही, रस्ते बंद असतात, तुमची शिल्पं कुठल्यातरी मिरवणुकीच्या मागे रात्रभर अडकतील. नवरात्रात मात्र काहीच उघडू नका. नऊ रात्री सगळं शहर गरब्यात, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचा स्वतःचा गरबा आहे आणि तिथं जायला आपली पोरं महिनाभर आधीपासून कपडे शिवत असतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कॅम्पस झोपलेला. हे दिवस तुम्हाला बंद ठेवण्यासाठी आयतेच मिळालेत असं समजा. पावसाळ्याचं प्रदर्शन नवरात्राच्या आधी उतरवा, डागडुजी त्या दिवसांत करा. दिवाळीचं तर विचारूच नका, लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी, इथं धंदा परत सुरू होतो तो दिवस) प्रिंटर नाही, सुतार नाही, काचवाला नाही, आणि बाहेरगावचे कारागीर असतील तर ते त्याच्याही नंतर येतात. म्हणजे दिवाळीनंतरच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा दिवाळीच्या आधीच हातात पाहिजेत, ऑर्डर दिलीय एवढ्यावर भागत नाही.

खरा सीझन लाभपाचमेनंतर ते फेब्रुवारीअखेर. हवा कोरडी, संध्याकाळ लवकर होते, लोक बाहेर पडतात. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कमुरता (अशुभ मानलेला महिना) असतो, त्यात लग्नं नाहीत, म्हणजे लोकांच्या संध्याकाळी मोकळ्या, शिवाय परदेशातली मंडळी याच दिवसांत घरी आलेली असतात. तुमचं वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रदर्शन इथं टाका. एक बारीक गोष्ट, एखादा व्यापारी पैसे देत असेल तर ओपनिंगची तारीख त्याला आधी विचारा, कमुरत्यात शुभारंभ नको असं म्हणणारे अजून आहेत, मग ओपनिंग आठ दिवस आधीच उरकून घ्यायचं आणि प्रदर्शन कमुरत्यात चालू ठेवायचं, दोघंही खूष. चौदा-पंधरा जानेवारीला गॅलरी बंदच, सगळे गच्चीवर.

उसनी कामं, कागदावरची कामं, जुनी कामं याच खिडकीत बसवायची. आणि उसनं मागायला सहा महिने आधी लागतं हे लक्षात ठेवा. पत्र, लोन फॉर्म, कंडिशन रिपोर्ट (काम कुठल्या अवस्थेत आहे त्याची नोंद), आणि इन्शुरन्स त्यांच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत त्यांच्या भिंतीवर लागेपर्यंतचा, नुसत्या तुमच्या हॉलमधला नाही, कारण मोडतोड बहुतेक वाटेत होते. कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीचं बघा ना, इमारत १९१४ ला तयार झाली पण चित्रं महायुद्धामुळे युरोपातच अडकली आणि गॅलरी उघडली ती १९२१ ला. सयाजीराव महाराजांना सात वर्षं थांबावं लागलं तिथं तुम्ही-आम्ही कोण, पण तात्पर्य एवढंच की चित्र हातात आल्याशिवाय निमंत्रणपत्रिका छापायची नाही. पोस्टरवर किंवा कॅटलॉगमध्ये फोटो छापायचा असेल तर मालकाची परवानगी पुरत नाही, चित्र विकत घेतलं तरी कॉपीराइट सहसा कलाकाराकडेच राहतो, आणि तो गेल्यावरही साठ वर्षं वारसांकडे. लेखी घ्या, व्हॉट्सऍपवरचा अंगठा चालत नाही.

लाइट. यावर दोन मिनिटं जास्त घेतो कारण कॉलेजच्या गॅलऱ्यांमध्ये सगळ्यात वाईट गोष्ट हीच असते, लख्ख ट्यूबलाइट आणि पश्चिमेची खिडकी. कागद आणि कापडाला पन्नास लक्स (उजेड मोजायचं एकक), ऑइल-ऍक्रिलिकला दीडशे ते दोनशे. पन्नास लक्स म्हणजे शिरल्यावर अंधार वाटतो, तक्रारी येतात, पण डोळे दोन-तीन मिनिटांत सरावतात, म्हणून दाराजवळच्या पहिल्या भिंतीवर वॉल टेक्स्ट ठेवायचा, तो वाचेपर्यंत डोळे जमतात. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही, म्हणून एकच ड्रॉइंग दरवर्षी लावायचं नाही. चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ पासून शेवटपर्यंत इथंच बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या, त्यांची शाई-पेन्सिलीची कामं ज्यांनी जवळून बघितलीत त्यांना कळेल मी काय म्हणतो, रेघ इतकी बारीक की जरा जास्त उजेड पडला किंवा काचेत समोरची खिडकी दिसली तर चित्रच नाहीसं होतं. तसली कामं दोन फुटांवरून बघायची असतात, म्हणून दोन फ्रेमांमध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. मोबाइलवरचं लक्स ऍप अंदाजाला ठीक, मीटर मिळालं तर उत्तम, आणि मोजायचं ते चित्राच्या पृष्ठभागावर, हॉलच्या मध्ये उभं राहून नाही.

हँगिंगचं गणित सोपं आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीडशे सेंटिमीटर. फ्रेमची उंची ऐंशी असेल तर अर्धी चाळीस, ते दीडशेत मिळवा, एकशे नव्वद, मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं वजा करा, समजा सहा, म्हणजे खिळा एकशे चौऱ्याऐंशीवर. मुलांना हे एकदा भिंतीवर पेन्सिलीने करून दाखवा, आयुष्यभर विसरत नाहीत. शाळेतली मुलं जास्त येणार असतील तर दहा सेंटिमीटर खाली घ्या, कोणी काही म्हणत नाही.

आता इव्हेंट. तुमची यादी वाचली: उद्घाटन, पॅनल डिस्कशन, सेमिनार, समारोप. यातल्या प्रत्येकात चित्राकडे पाठ करून खुर्चीत बसायचं आहे. माझा नियम असा की कार्यक्रम प्रदर्शनाच्या हॉलमध्येच, त्यातल्याच एखाद्या कामासमोर, आणि जमेल तेव्हा उभ्याने. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं, एक माणूस, एक काम. बोलणारा कलाकारच असला पाहिजे असं काही नाही, केमिस्ट्रीचे सर ग्लेझबद्दल बोलू देत, सिव्हिलच्या मॅडम कॅन्टीलीव्हरबद्दल एका शिल्पासमोर बोलू देत, युनिव्हर्सिटीत गॅलरी असण्याचा फायदा हाच आहे की बाजूच्या बिल्डिंगमध्ये ही माणसं फुकट उपलब्ध आहेत. कमर्शियल गॅलरीवाल्याला हे नशिबात नाही. प्रिंटचं प्रदर्शन असेल तर शनिवारी छोटा प्रेस आणून तिथंच प्लेटवरून छाप काढून दाखवा, शाईचा वास आला की लोक आपोआप जमतात. फाइन आर्ट्स फॅकल्टीचा फाइन आर्ट्स फेअर १९६१ ला सुरू झाला तो याच बुद्धीने, मास्तर आणि पोरं मिळून खेळणी, वस्तू बनवायची आणि गावाने येऊन घ्यायची, तिथले शिक्षक आणि चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांची खेळणी या फेअरसाठीच बनायला लागली. भाषण कोणाचं झालं ते कोणाला आठवत नाही, खेळणी आठवतात.

ओपनिंग वीस मिनिटांत संपवा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बुके, परिचय, प्रमुख पाहुण्यांचा उशीर, हे सगळं धरून दीड तास जातो आणि लोक थेट समोशाकडे वळतात. कलाकार दोन वाक्यं बोलेल, तुम्ही दोन, बस. व्हीसी साहेब येणार असतील तर त्यांना भाषणाऐवजी आधी हॉलमधून फिरवा, एकट्याने, दहा मिनिटं. मोठ्या माणसाला नीट दाखवलं तर पुढच्या वर्षीचं बजेट तिथंच मंजूर होतं, हे अनुभवाने सांगतो.

एक कार्यक्रम मात्र हॉलच्या बाहेरचा ठेवाच. कीर्तिमंदिरात (गायकवाड राजघराण्याचं स्मारक) चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ या काळात येऊन येऊन केलेली, गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि महाभारत, चार भिंती. बडोद्यात जन्मलेल्या किती जणांनी ती पाहिलीत विचारा, हात वर होत नाहीत. भिंत काही उचलून आणता येत नाही, तेव्हा मुलांनाच तिकडे न्या, आधी परवानगीचं पत्र द्या, सकाळी न्या, तिथूनच कमाटीबागेत म्युझियम आणि पिक्चर गॅलरी, मध्ये सेवउसळ. आपल्या मराठी घरांतल्या लोकांसाठी वेगळा एक रविवार ठेवलात तर दांडियाबाजार-रावपुऱ्यातली ज्येष्ठ मंडळी हमखास येतील, कार्यक्रम मराठीत करा, आणि त्यांना बोलू द्या, कलाभवनात (सयाजीरावांच्या काळातली कला आणि तंत्रशिक्षणाची शाळा) कोणाचे आजोबा शिकले, कोणाच्या वाड्यात रविवर्म्याच्या छापखान्याची चित्रं होती, असं बरंच निघतं. कलाभवन १८९० चं, दादासाहेब फाळके तिथं शिकले होते, हे सांगितलं की इंजिनिअरिंगची पोरंही कान टवकारतात, कारण आज तिथं एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगचीच फॅकल्टी आहे. यातून तुमचं एक प्रदर्शनसुद्धा निघू शकतं. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, तिथं देवळालीकर मास्तरांकडे शिकले आणि १९५० ला इथं फाइन आर्ट्समध्ये येऊन पेंटिंग विभाग उभा केला, इंदूर-बडोदे अशी एक रेघ ओढून कागदपत्रं, फोटो, शिष्यांची कामं मांडली तर हिवाळ्याची जागा भरली. ओरिजिनल बेंद्रे मिळाला नाही तरी चालेल, युनिव्हर्सिटीच्या गॅलरीला तेवढी मुभा असते.

कॅप्शन गुजराती आणि इंग्लिश दोन्हींत करा. वॉल टेक्स्ट शंभर शब्दांच्या आत, आणि त्यात स्मृती, अवकाश, शोध हे तीन शब्द आले तर परत लिहायला द्या. अक्षर मोठं, आजोबांना चष्मा न काढता वाचता आलं पाहिजे.

पैसे. बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर स्वतः सीए होते आणि नोकरीत दुसऱ्यांचे हिशोब सांभाळत चित्रं काढायचे, तेव्हा कलेतल्या माणसाला हिशोब जमत नाही हा बहाणा बडोद्यात चालायचा नाही. पहिल्या वर्षी फ्लेक्स, मोमेंटो, कॅटलॉग यावर खर्च करू नका. दोन गोष्टी मागा. एक, भिंतीवर पूर्ण उंचीचं बारा एमएमचं प्लाय फ्रेमवर मारून, म्हणजे ड्रिल-गिट्टीची कटकट संपली, स्क्रू कुठंही बसतो, भोक पाच मिनिटांत बुजतं, आणि प्लाय वाळवीची ट्रीटमेंट केलेलंच घ्या. दुसरं, ट्रॅक लाइट, डिमरवाले. या दोन गोष्टी झाल्या की पुढच्या प्रत्येक प्रदर्शनाचा खर्च आणि बंद दिवस दोन्ही कमी होतात, अकाउंट्सवाल्यांना हे याच भाषेत सांगा. याशिवाय मुलांना मानधन. दोन-तीन विद्यार्थी गॅलरी असिस्टंट म्हणून घ्या, थोडे का होईना पैसे द्या, फुकट राबवलं की परीक्षेच्या आठवड्यात हॉलला कुलूप लागतं.

मार्चमध्ये परीक्षा, सबमिशन, होळी, त्यामुळे तिथं छोटं, हलकं काहीतरी, स्टाफचं काम किंवा कलेक्शनमधून चार वस्तू. एप्रिलमध्ये फायनल इयरचा डिस्प्ले, तो तुमच्या पाच-सहात धरू नका, तो मुलांचा. त्यासाठी हॉल आधीपासून त्यांच्या नावावर लिहून ठेवा, आणि तुम्ही फक्त शिडी, ड्रिल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि सल्ला पुरवा, मागितला तर. वर्षभर तुमच्याबरोबर ज्यांनी कामं उतरवली-चढवली ती मुलं आपला डिस्प्ले कसा लावतात बघा, तुमच्या गॅलरीचा रिझल्ट तोच.

वरच्यांना हे पटवायचं कसं, तर वाद घालू नका, एका मोठ्या कागदावर जुलै ते एप्रिल आडवं काढा, सुट्ट्या, सण, परीक्षा काळ्याने भरा, बंद दिवस राखाडी, मग उरलेली पांढरी जागा दाखवून म्हणा, यात वीस कुठं लिहू ते तुम्हीच सांगा. आणि त्यांना आकडाच हवा असेल तर आकडा द्या, पाच प्रदर्शनं अधिक दर बुधवारचं बोलणं अधिक शनिवारची प्रात्यक्षिकं मिळून कार्यक्रम वीसच्या बरेच वर जातात, रिपोर्टात ते सगळे लिहिता येतात. येणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये सहीबरोबर यायची-जायची वेळ लिहायचा कॉलम टाका, किती वेळ थांबले हे कळलं की दुसऱ्या वर्षी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

जुलै तोंडावर आहे म्हणून या आठवड्यात एवढंच करा: वायरमनला बोलवून हॉलचं अर्थिंग आणि लोड तपासून घ्या, गच्चीवरचा पाण्याचा निचरा बघा, आणि पहिलं प्रदर्शन सिरॅमिकवाल्यांना फोन करून ठरवून टाका. पेडेस्टल (वस्तू मांडायचे उंच चौथरे) लागतील, सुताराला माप देताना उंची नव्वद सेंटिमीटर सांगा आणि आत वाळूची पोती ठेवायला मागून झडप करून घ्या, पोरांचा धक्का लागतोच.